पाडव्यापर्यंतचं साल

धरमपेठ, नागपूर
९ डिसेंबर १९७९

भागीरथाबाई,

नमस्कार. पत्र तुम्हाला आहे, पण वाचणार दादाजी मास्तर. तुमच्या गावात, कुहीत, ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं ते ओट्यावर बसून वाचून दाखवतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तेव्हा दादाजी, तुम्हालाही नमस्कार, आणि जरा मोठ्यानं वाचा. बाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि त्या ते कबूल करत नाहीत.

बाई, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. शामला मजेत आहे. खेळते, हिंडते, शेजारच्या शोभाताईंच्या मांजरीमागे पळते. सकाळी उठली की आधी न्हाणीघरात डोकावते, मग स्वैपाकघरात, आणि मग मागचं दार उघडून तिथेच उभी राहते. "माय कुठे गेली?" विचारते. मी सांगते, गावाला. "काहून?" म्हणते. हे 'काहून' तुमचंच, मी 'का' म्हणते. तीन महिन्यांची होती तेव्हापासून तुम्ही सांभाळलंत, तिची अर्धी बोली तुमची झाली. मी एवढी मास्तरीण, पण पोरीनं माझं काही उचललं नाही.

तुमचं जुनं हिरवं लुगडं दांडीवरच राहिलं. परत पाठवणार होते, पण झोपताना तिला त्याचा पदर मुठीत लागतो. धुतलंही नाही अजून. धुतलं की जवसाच्या तेलाचा वास जाईल आणि मग रात्रभर माझी खैर नाही.

एक विचारायचं होतं. तुम्ही तिला भरवताना कोणती गोष्ट सांगायच्या? मी वाघाची सांगून पाहिली, चिमणीची सांगून पाहिली. दोन घास खाते आणि म्हणते, "हे नाही, मायवाली सांग." मायवाली कोणती ते तिला सांगता येत नाही. तेवढं कळवा, म्हणजे जेवणाची रोजची लढाई तरी संपेल.

इकडे आम्ही छान. मी आता घरीच असते. शाळेचा फार व्याप झाला होता, म्हटलं थोडे दिवस पोरीकडे बघावं. ह्यांच्या ऑफिसातही सध्या काम हलकं आहे, त्यामुळे दुपारचं जेवण घरीच होतं. मधुकररावकाका भेटले तर त्यांनाही एवढंच सांगा, की सगळं छान आहे. दिवाळीत ह्यांचं आणि काकांचं वाजलं, तेव्हापासून काका-पुतण्यांचं बोलणं नाही. पण तुम्हाला आमच्याकडे आणून सोडलं ते काकांनीच, म्हणून सांगितलं.

दादाजींकडून दोन ओळी लिहून घ्या.

प्रेमलता


धरमपेठ, नागपूर
२ जानेवारी १९८०

भागीरथाबाई,

महिना होऊन गेला, एक ओळ नाही! पोस्टमनची सायकल वाजली की मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात जाते. माणसानं इतकं पण रुसू नये.

शामलाला चार दिवस ताप होता. आता उतरला आहे, काळजी करू नका. तापात "माय, माय" करत होती. शोभाताई म्हणाल्या, "बघा, आईला किती हाका मारते." मी कपाळावरची पट्टी बदलली. त्यांना काय माहीत, आमच्या घरात माय कोण आणि आई कोण. जवसाचं तेल आणून मीच तिचे पाय चोळले, तर पाय ओढून घेतले आणि म्हणते, "तू जोरात करते." तुमच्या हाताला काय होतं बाई? मीही तर तेच तेल वापरलं.

मागच्या एकवीस तारखेला तीन वर्षांची झाली. शिरा केला होता. एक वाटी वेगळी काढून मागच्या दाराशी नेऊन ठेवली तिनं. मी विचारलंच नाही कोणासाठी.

मी बसून आठवत राहिले, की तुम्ही रुसलात ते नेमकं कशावर. जाताना गाठोडं काखेत घेऊन तुम्ही पायरीवर थांबलात आणि म्हणालात, "ताई, पाडवा तं अजून दूर हाये." मी म्हटलं, पाडव्याला लुगडं नक्की पाठवीन, काळजी नको. त्यावर तुम्ही सरळ फाटकाबाहेर गेलात. वळून हातही केला नाहीत. लुगड्यासाठी रुसणाऱ्यांतल्या तुम्ही नाही, एवढं मलाही कळतं. मग काय ते सांगा ना.

हे सध्या काटोलला असतात. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे संत्र्यांच्या पेट्या मोजायला माणूस हवा होता, म्हणाले, हौस म्हणून जाऊन येतो. शनिवारी एस.टी.च्या मोटारीनं येतात. रेडिओ दुरुस्तीला दिला आहे, दुकानदार रोज उद्या म्हणतो. घर फार शांत झालंय.

आणि ती गोष्ट? ती तरी सांगा. पोरीचे गाल बसले हो.

प्रेमलता


धरमपेठ, नागपूर
२४ जानेवारी १९८०

आदरणीय दादाजी,

आपलं कार्ड मिळालं. वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

आपण लिहिता, की भागीरथाबाईंच्या गाठोड्यात त्यांच्या जावेला लहान मुलीचे चांदीचे वाळे सापडले. बाई सांगतात ताईंनी दिले, पण का दिले म्हटलं की गप्प बसतात. आणि चांदीचे भाव असे चढलेले असताना गावात नाही नाही ते बोललं जातं. म्हणून दीर चंद्रभाननं ते वाळे आपल्याकडे ठेवायला दिले आहेत, आणि ते आमचे का, असं आपण विचारता.

वाळे आमच्या शामलाचेच आहेत. तिला लहान झाले होते. बाईंनी मुलीचं इतकं केलं म्हणून मी माझ्या खुशीनं बक्षीस दिले. माझ्या हातानं त्यांच्या पदरात बांधले. यात चोरीचा संबंधच काय? भागीरथाबाईंच्या हाताखाली माझं सगळं घर तीन वर्षं उघडं होतं. कपाटाची किल्ली कुठे असते ते मी विसरायची, त्या सांगायच्या. अशा बाईवर संशय घेणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे, हे चंद्रभानला माझ्या शब्दांत सांगा.

वाळे बाईंना परत द्यावेत.

आपली,
सौ. प्रेमलता


धरमपेठ, नागपूर
१७ फेब्रुवारी १९८०

भागीरथाबाई,

दादाजी, हे पत्र बाईंना एकट्यात वाचून दाखवू नका. चार माणसं असतील तेव्हा वाचा. चंद्रभान समोर हवा आणि मधुकररावकाका पण समोर हवेत. मी काही गाळलेलं नाही, तुम्हीही गाळू नका.

काल चंद्रभान आला होता. काल ग्रहण होतं, माणसं दुपारपासून दारं लावून घरात बसली होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शनिवार असूनही ग्रहणामुळे हे काटोललाच राहिले. मी आणि शामला दोघीच. दार वाजलं तर हा उभा. आत या म्हटलं तर आला नाही, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. ग्रहण सुटेपर्यंत त्याला परतीची मोटार नव्हती. तीन तास बसला बिचारा. पाणी दिलं ते घेतलं नाही. ग्रहणामुळे घेतलं नाही की आमच्या घरचं म्हणून, ते मी विचारलं नाही.

मला म्हणाला, "ताई, तुमी बक्षीस म्हून लिवलं. पण ज्याले बक्षीस द्याचं त्याले कोणी सालातून काढते का? आमच्यात साल मधातच नाई मोडत. पाण्यानं धान गेलं तरी नाई मोडत. चोरी केली तरच मोडते."

मी म्हटलं, साल कसलं? बाईंना तर आम्ही महिन्याचा पगार द्यायचो.

"पाडव्याले विडा नव्हता देला का तुमी?"

बाई, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या पाडव्याला काका तुम्हाला घेऊन आले आणि म्हणाले, सूनबाई, हिच्या हातावर विडा ठेव. मी ठेवला. पुढच्या पाडव्याला तुम्ही न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिलात. मी म्हटलं, बाईंना पानाची आवड दिसते. हसत हसत विडा दिला. तिसऱ्याही पाडव्याला दिला. सालदाराला पाडव्याचा विडा दिला म्हणजे पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या घरचा, हे शहरात वाढलेल्या मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तुमचे यजमान बावीस वर्षं काकांकडे सालदार होते. तुम्ही दुसरं काय समजणार? आणि पायरीवर उभं राहून तुम्ही मला सांगितलंत, की पाडवा अजून दूर आहे. मी तुम्हाला लुगड्याचं आश्वासन दिलं! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चंद्रभाननं सांगितलं, की काका त्याला म्हणाले, ज्या घरात दुसऱ्याच्या पोरीचा दागिना निघाला, त्या घरच्या माणसाला धानाच्या कोठीशी कसा ठेवू? पाडव्याआधी उलगडा कर, नाहीतर यंदा विडा नाही. म्हणजे तुमचं नाव गेलं आणि आता काकांकडचं त्याचं साल जाणार. तुम्ही त्याच्याकडे गोठ्याशेजारच्या खोलीत राहता आणि दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाता, हेही त्यानं सांगितलं. मान खाली घालून विचारत होता, "वयनी कायीच बोलत नाई. तुमी तरी सांगा ताई, काहून मोडलं?"

आणि मी काय सांगितलं? मी म्हटलं, चहा ठेवते, ग्रहण सुटलंय.

तो चहा न घेता गेला. मी रात्रभर जागी होते. आता सांगते.

आमच्याकडे पैसे नव्हते. माझी शाळेतली जागा तात्पुरती होती, ती दिवाळीआधी संपली. दिवाळी झाल्यावर आठ दिवसांत ह्यांच्या कंपनीला कुलूप लागलं. दोघंही घरी. काकांनी दिवाळीत ह्यांना हेच बजावलं होतं, की खाजगी कंपनीचा भरवसा नाही, शेती बघ. हे तावातावानं बोलून आले होते. मग आठ दिवसांत कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून आम्ही कोणालाच सांगितलं नाही. हे रोज डबा घेऊन नऊला बाहेर पडायचे आणि जमेल तितका वेळ बाहेर काढायचे. माझी शाळेची कारणं खोटी, ह्यांचं हलकं काम खोटं, काटोलची हौस खोटी. रेडिओ दुरुस्तीला नाही गेला, विकला.

नोव्हेंबरचा तुमचा पगार द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. म्हणून वाळे दिले. बक्षीस नव्हतं ते, काका. पगार होता. तो पगार आहे एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही, म्हणून 'शामलाची आठवण' म्हणून पदरात बांधला. बाई, तुम्ही घ्यायला तयार नव्हता, मी जबरदस्ती केली. चंद्रभान, ऐक. तुझ्या वयनीनं आमच्या घरातली सुई कधी उचलली नाही. चोरी झाली असेल तर ती मी केली. तिचं नाव चोरलं.

आता एक राहिलं. ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण लिहिते.

पैसे नव्हते हे खरं. पण एवढंच खरं नाही. मी घरी बसायला लागल्यावर एक दिवस शामला पायरीवरून पडली. मी समोरच होते. दोन्ही हात पसरून उभी राहिले. ती रडत उठली आणि माझ्या हाताखालून निघून तुमच्याकडे पळाली. तुम्ही तिला उचललंत, आणि मी तशीच हात पसरून उभी. त्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं, आता मी घरी आहे, तुमची गरज नाही. हिशेब करून पाहिला तर पैसे असते तरी त्या आठवड्यात मी बहुतेक हेच केलं असतं. मला वाटलं, तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे येईल. ती मागच्या दाराकडे जाते.

आणि खरं सांगू, मीही जाते. दुपारी चारला तुम्ही तिथे उकिडव्या बसून तांदूळ निवडायच्या आणि मी दमून घरी आले की न बघताच म्हणायच्या, "पाय धुवून घे पोरी, चहा ठेवला हाये." एरवी ताई, तेवढ्या वेळेला पोरी. माझी आई मी लहान असताना गेली. मला पोरी म्हणणारं दुसरं कोणी नाही. ह्या तीन महिन्यांत मी इतकी तळमळले, पण ते शामलाच्या नावावर घालत राहिले.

मी तुम्हाला परत बोलावत नाही. मला तो हक्क उरलेला नाही, आणि ऐपतही नाही. दुसऱ्या एका शाळेत एका बाईच्या बाळंतपणाच्या रजेवर मला घेतलंय, एप्रिलपर्यंत. ह्यांची काटोलची संत्री महिन्या-दीड महिन्यात संपतील. पुढे तुम्हाला पगार देता येईल का, मला माहीत नाही. फक्त तुमचं नाव जसं होतं तसं परत मिळावं. म्हणून हे चार माणसांत.

ह्यांना हे पत्र दाखवलेलं नाही. पुढच्या शनिवारी आले की सांगेन. रागावतील. रागावू देत.

फक्त ती गोष्ट तेवढी सांगा, बाई. सकाळी शाळेत जाताना तिला शोभाताईंकडे ठेवते. तिथेही जेवत नाही.

प्रेमलता


कुही
५ मार्च १९८०

सौ. प्रेमलताबाईंस दादाजी मास्तराचा आशीर्वाद. आपण म्हणाला होता चार माणसांत वाचा. होळीला सगळं गाव जमतं, म्हणून तोवर पत्र जपून ठेवलं, त्याबद्दल क्षमा असावी. आता भागीरथाबाई समोर बसली आहे. ती बोलते तसं उतरवतो. मधे माझी दुरुस्ती तिला चालत नाही.

ताई, तुमचं पत्र होळी पेटवाच्या आंदी मास्तरनं वाचलं. दोनदा वाचलं. एकडाव झालं तवा मीच म्हटलं, मास्तर, पुन्हा वाचा. हे डाव्या कानानं आयकलं, आता उजव्या बाजूनं बसतो. सारे हासले. चंद्रभान नाई हासला. तो उठला अन् सगळ्यायच्या समोर माह्या पाया पडला. मी म्हटलं, उठ गा, तुयी काय चूक, तुयं तं साल जाऊन राह्यलं होतं.

मधुकररावनं सारं आयकलं. चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला. म्हणे, "माह्या पुतण्यानं, अनंतानं, मले काहून नाई सांगितलं?" मंग तिथंच चंद्रभानचा विडा पक्का केला. अन् काल माह्या दारात लुचई तांदळाचं एक पोतं उतरवून गेला. म्हणे, हे मोटारीच्या टपावर टाकून घेऊन जा, अन् त्याले म्हणा हे मदत नाई, घरचं धान हाये.

आता तुमाले बोलतो. ताई, तुमी हे लिवलं काहून? मी तीन महिने तोंड शिवून बसली होती ते कायच्यासाठी? तुमच्या घरची गोष्ट गावात जाऊ नये म्हून. तुमाले वाटलं मले मालूम नाई. तांदुळाच्या डब्यात रोज हात कोण घालत होतं? अन् मी पोरीले घेऊन बगीच्यात जाओ, त बाबूजी तिथं बाकावर बसून राहत, डबा मांडीवर घेऊन. पोरीनं पाह्यलं असतं तं बाबा बाबा करून पळाली असती. मी तिले दुसऱ्या वाटेनं नेओ. पंधरा दिवस नेलं. तुमी मले एकडाव म्हणून पाहाचं होतं, बाई, भाकर हाये पण पगार नाई. मी काय उठून गेली असती? आमचा बुढा बहात्तरच्या दुष्काळात मधुकररावच्या घरी आठ महिने नुसत्या भाकरीवर राबला. साल नाई मोडलं.

साल तुमी मोडलं, मी नाई मोडलं. वाळे मी बक्षीस म्हून नाई घेतले अन् एका महिन्याचा पगार म्हून बी नाई घेतले. पाडव्यापर्यंतच्या साऱ्या दिवसाची उचल म्हून घेतले. चांदी हातात आली अन् दिवस द्याचे राह्यले, ते माह्या अंगावर हायेत. येत्या रविवारी येतो. पाडव्याले आठ दिवस राहतीन. तेवढे तरी तुमच्या घरी भरतो, म्हंजे मी मोकळी. मंग चवथा विडा द्याचा असन तं द्या. पगार नसन तं नका देऊ, चार महिने भाकरीवर काढू, पुढचं पुढं पाहू. पण सुपारी बारीक कातरा. मागल्या पाडव्याची दाताले लागली होती.

वाळे मास्तरनं मले वापस देले. ते आता माह्या कमाईचे हायेत, मागाचे नाई. शामलाच्या पयल्या लेकराले मीच घालीन. बक्षीस तवा म्हणा.

पोरगी तुमच्या हाताखालून माह्याकडे पळाली म्हून तुमी जीवाले लावून घेतलं. अवं वेडी हायेस का पोरी? ते गोष्ट तू मले तीन पत्रात तीनदा विचारली. ते वाघाची नाई अन् राजाची बी नाई. आता आईनं शाळेची घंटी वाजवली, घे एक घास. आता आई फाटकातून निंगाली, घे. आता चौकात आली, आता पिंपळाखाली आली, आता चप्पल वाजली. रोज तेच. ताट रिकामं होये अन् तू दारात. दिवसभर ते लेकरू तुयीच वाट पाहे. तू घरी बसली तवापासून हे गोष्टच खुटली, मंग ते जेवन कसं?

आता दुसरी सांग. रविवारी सकाळी तिले मागच्या दारात जेवाले बसव, अन् सुरू कर. माय मोटारीत बसली, घे. माय नागपुरात उतरली, घे. माय धरमपेठच्या चौकात आली. सावकाश सांग, घाई करू नको, मोटारीले वेळ लागते. भात थोडा जास्त वाढ. तो संपाच्या आंदी मी येतो.

भागीरथा